डिमेन्शियाचा शेवटचा टप्पा : जोडीदाराने कोणते निर्णय केव्हा घ्यावेत

डिमेन्शिया हा अखेरीस जीव घेणारा आजार आहे, ही गोष्ट निदान होते त्या दिवशी सहसा कोणी सांगत नाही. विस्मरण, चिडचिड, रस्ता चुकणे, तेच तेच विचारणे एवढ्यावर बोलणे थांबते, दोन गोळ्या लिहून दिल्या जातात आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले जाते. त्यानंतरची वर्षे जोडीदाराची औषधांच्या वेळा, ब्युरोकडून आलेली बाई, डायपरचा हिशेब आणि दाराला वरच्या बाजूला बसवलेली जादा कडी यांतच जातात. मग एका रात्री ताप चढतो, धाप लागते, ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीतून वाट काढत रुग्णवाहिका कुठल्यातरी रुग्णालयात पोचते आणि व्हेंटिलेटर लावायचा का, हा प्रश्न पंचाहत्तरीच्या बायकोला किंवा नवऱ्याला आयसीयूच्या दारात उभ्या उभ्या सोडवावा लागतो. खरे पाहता हा प्रश्न त्या रात्रीचा नव्हेच. तो निदानानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतला आहे आणि तेव्हा त्याचे उत्तर देण्याचा पहिला अधिकार खुद्द रुग्णाचा आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारातून होणारा डिमेन्शिया, लेवी बॉडी आणि फ्रंटोटेम्पोरल हे इतर प्रमुख प्रकार. सुरुवातीची लक्षणे प्रत्येकात वेगळी दिसतात, पण वाट बरीचशी एकाच दिशेने जाते. स्मरणशक्तीपाठोपाठ चालणे, मलमूत्रावरचा ताबा, बोलणे आणि सरतेशेवटी गिळणे, असे मेंदूच्या हुकमतीखालचे एकेक काम सुटत जाते. काही जण निदानानंतर चार ते आठ वर्षे जगतात, तर काही त्याहून पुष्कळ अधिक.

शेवटच्या टप्प्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या शुश्रूषागृहांमध्ये झालेला एक अभ्यास उपयोगी पडतो. प्रगत डिमेन्शिया असलेल्या ३२३ रुग्णांचा १८ महिने मागोवा घेऊन त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापले गेले. त्या काळात ५५ टक्के रुग्ण दगावले, जवळपास ८६ टक्क्यांना खाण्या-गिळण्याच्या अडचणी आल्या, आणि ज्यांना न्यूमोनिया झाला त्यांच्यापैकी ४७ टक्के पुढच्या सहा महिन्यांत गेले. हे मृत्यू अचानक उद्भवलेल्या एखाद्या दुसऱ्या रोगाने झाले, असे म्हणता येत नाही. वारंवारचा न्यूमोनिया, ताप आणि न गिळणे हीच या आजाराची शेवटची पावले आहेत. हे जोडीदाराला आधी कळलेले असेल, तर ‘आपण वेळेवर हलवले असते तर वाचले असते’ ही बोचणी पुष्कळ कमी होते.

बोलणे होते तेव्हाच बोलून घ्यावे

निदान झाले म्हणजे माणसाची निर्णयक्षमता त्याच दिवशी संपली, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. क्षमता ही निर्णयागणिक तपासायची असते. बँकेचा व्याजदर ज्याला आता कळत नाही, त्याला ‘मला नळ्या लावून पडून राहायचे नाही’ हे नेमके कळत असू शकते. प्रश्न समजणे, त्यातले पर्याय थोडा वेळ ध्यानात ठेवणे, त्यांचा विचार करणे आणि आपले उत्तर सांगता येणे, एवढे जमत असेल तर त्या निर्णयापुरता तो माणूस सक्षम आहे. सकाळी, झोप पुरी झालेली असताना, घरातल्या ओळखीच्या खुर्चीत ही क्षमता अधिक असते. संध्याकाळी ती बहुधा ढासळते, म्हणून असे विषय दिवेलागणीला काढू नयेत.

विषय काढायचा कसा, हीच खरी अडचण. आपल्याकडे मरणाचे नाव काढले की ‘भलतंसलतं बोलू नकोस’ असे म्हणून पुढचा माणूस आपले तोंड बंद करतो. अशा वेळी तिसऱ्याच्या उदाहरणाचा आधार चालतो. सकाळच्या चहाला विचारता येते, ‘अहो, खालच्या मजल्यावरच्या काकांना शेवटी आयसीयूत कितीतरी दिवस ठेवलं होतं, तुम्हाला तसं चाललं असतं का?’ त्यावर ‘मला नको गं तसलं, मला आपलं घरीच असू दे’ असे उत्तर आले, तर ते त्याच शब्दांत, तारीख घालून, एका वहीत लिहून ठेवावे. उलट ‘शक्य असेल तेवढं सगळं करा, मला नातीचं लग्न बघायचंय’ असे उत्तर आले, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे, कारण ही वही आपल्या मताची नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तोच प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा विचारावा. उत्तर तेच येत राहिले तर त्याला वजन येते.

लिव्हिंग विल म्हणजे काय

वहीतल्या या नोंदींना कायद्याचे रूप देण्याची सोय भारतात २०१८ पासून आहे. तिच्यामागे मुंबईचाच इतिहास आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अचेतन अवस्थेत होत्या, आणि त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाला काटेकोर अटींवर प्रथम मान्यता दिली. पुढे ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय दिला आणि लिव्हिंग विल, म्हणजे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, वैध ठरवले. इंजेक्शन देऊन जीव घेणे हा आजही गुन्हाच आहे. मान्यता आहे ती बरे होण्याची आशा उरली नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार सुरू न करण्याला किंवा थांबवण्याला.

२०१८ च्या निकालातली पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणायला कोण जाणार होते? २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी झाली. आता सज्ञान आणि सुदृढ मनाच्या व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करून घ्यायचे, एवढे पुरते. साक्षीदार शक्यतो घरचे नसावेत. सोसायटीतले शेजारी किंवा ज्येष्ठ नागरिक संघातले स्नेही चालतात. ठाण्यात कोर्ट नाक्यावर नोटरी सहज मिळतात, मात्र रुग्णाला तिथल्या गर्दीत उभे करण्यापेक्षा नोटरीला घरी बोलावण्याची विनंती करून पाहावी. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत हे इच्छापत्रात स्पष्ट शब्दांत लिहावे लागते, आणि आपण बोलू शकणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्या एक किंवा अधिक जवळच्या व्यक्तींची नावेही द्यावी लागतात. जोडीदाराचेच वय झालेले असल्यामुळे त्याच्या जोडीला मुलगा, मुलगी किंवा भाचीचे नाव घालणे शहाणपणाचे.

इच्छापत्राची एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यायची असते आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे ती जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. हे अभिरक्षक पुष्कळ दिवस अस्तित्वातच नव्हते. मुंबईतील डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यानंतर २०२४ मध्ये राज्य सरकारने ठिकठिकाणी ते नेमले. ठाणेकरांनी पाचपाखाडीतल्या आणि नवी मुंबईकरांनी बेलापूरच्या महापालिका मुख्यालयात याबाबत चौकशी करावी. खिडकीवरच्या माणसाने प्रश्नार्थक चेहरा केला तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची छापील प्रत पुढे ठेवावी. कागद पाहिल्यावर कार्यालये हलतात.

डिमेन्शियाच्या बाबतीत यातला एकच शब्द अडतो, ‘सुदृढ मन’. म्हणून इच्छापत्र करायचे त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी उपचार करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडून किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून, रुग्णाला या कागदाचा अर्थ कळतो आहे, असे लेखी प्रमाणपत्र घ्यावे आणि रुग्ण स्वतःच्या शब्दांत इच्छा सांगत असल्याचे छोटे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवावे. कायद्याने हे सक्तीचे नाही, पण उद्या एखाद्या नातेवाइकाने शंका काढली तर हेच उपयोगी पडेल. आणि ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : रुग्णाची समज गेल्यानंतर त्याच्या वतीने पत्नीला किंवा पतीला लिव्हिंग विल करता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्येही आगाऊ निर्देशाची तरतूद आहे, परंतु ती मनोविकारांवरील उपचारांपुरती आहे. दोन्हींची गल्लत पुष्कळांकडून, क्वचित वकिलांकडूनही, होते.

नळी

ज्यांच्या बाबतीत ही वेळ निघून गेली आहे, त्यांच्यापुढे सर्वांत आधी येणारा आणि सर्वांत जास्त छळणारा निर्णय नाकातून घालायच्या नळीचा असतो, जिला रुग्णालयात रायल्स ट्यूब म्हणतात. रुग्ण तोंड उघडत नाही, घास गालातच ठेवतो, पाण्याने ठसका लागतो. डॉक्टर म्हणतात, नळी घालू. नातेवाईक म्हणतात, मग काय उपाशी मारायचं? या वाक्यापुढे भले भले जोडीदार नमतात.

वैद्यकीय पुरावा मात्र वेगळेच सांगतो. प्रगत डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढते, न्यूमोनिया टळतो किंवा पडून राहिल्याने पाठीला झालेल्या जखमा लवकर भरतात, असे आढळलेले नाही. नळी ओढून काढू नये म्हणून हात बांधावे लागतात, ती वारंवार बदलावी लागते, आणि तोंडातली लाळ तर नळी असतानाही श्वासनलिकेत जायची ती जातेच. म्हणूनच अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीची शिफारस प्रगत डिमेन्शियात नळीऐवजी हाताने सावकाश भरवण्याची आहे. पक्षाघातानंतर किंवा एखाद्या तात्पुरत्या आजारात, गिळणे परत येण्याची शक्यता असताना, काही आठवड्यांसाठी नळी घालणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती योग्यही असू शकते. म्हणून डॉक्टरांना ‘नळी घालायची का?’ असे न विचारता ‘ही नळी कशासाठी आणि पुन्हा कधी निघेल?’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्याचे उत्तर बहुधा मिळालेले असते.

हाताने भरवणे हे कसब आहे आणि ते शिकता येते. रुग्णाला पलंगाच्या टेकूला नुसते रेलवून न ठेवता पूर्ण सरळ बसवावे, हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली असावी. भरवणाऱ्याने उभे न राहता त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर स्टुलावर बसावे. पातळ वरणापेक्षा घोटलेली मऊ खिचडी आणि पाण्यापेक्षा दाटसर पेज सोपी जाते, कारण पातळ पदार्थ घशातून फार वेगाने सरकतो. चहाच्या चमच्याने अर्धा चमचा जिभेच्या मध्यावर ठेवून चमचा हलकेच दाबायचा आणि गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायचे. ती हलली म्हणजे घास गेला. चार-पाच घासांनंतर बोटाला ओले फडके गुंडाळून गालाच्या आतली बाजू तपासायची, कारण तिथे निम्मी खिचडी साठलेली सापडते. अर्धी वाटी जायला पाऊण तास लागतो. जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवायचे. ‘अजून एवढंच’ असा आग्रह इथे धोक्याचा आहे. तोंड फिरवले की थांबावे. हा आग्रह आवरणे महाराष्ट्रीय घरात सर्वांत अवघड जाते, असे मला वाटते.

कधी कधी कोणी सावरकरांच्या १९६६ मधल्या किंवा विनोबांच्या १९८२ मधल्या प्रायोपवेशनाचा दाखला देतात आणि रुग्णानेही तसेच मनाने ठरवले असावे, असे म्हणतात. हा दाखला इथे लागू पडत नाही. त्या दोघांनी पूर्ण शुद्धीत, विचारपूर्वक अन्न सोडले होते. डिमेन्शियाच्या रुग्णाने अन्न सोडलेले नसते, अन्न घेण्याची मेंदूची क्रिया सुटलेली असते. ‘उपाशी मारले’ हा आरोपही याच कारणाने चुकीचा आहे : शरीर बंद होत चालले की भूक आधी जाते.

रुग्णालयात न्यायचे की नाही

प्रत्येक दुखण्याला ‘सगळे करा’ किंवा ‘काहीच नको’ अशी दोनच उत्तरे नसतात. उपचारामागचा हेतू तीनपैकी कोणता, हे आधी ठरवले की बाकीचे निर्णय आपोआप सुटे होतात : आयुष्य वाढवणे, आज जे काही करता येते आहे ते टिकवणे, की फक्त त्रास कमी करणे. जो रुग्ण अजून हात धरून घरात चालतो आणि नात दिसली की हसतो, त्याच्या मांडीचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया करणेच बरे, कारण तिने वेदनाही थांबतात. जो वर्षभर अंथरुणावर आहे, कोणाला ओळखत नाही आणि ज्याला तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला आहे, त्याला तोंडावाटे अँटिबायोटिक, ऑक्सिजन आणि धाप कमी करणारे औषध घरी देणे हा उपचारच आहे. रुग्णालयातला अनोळखी प्रकाश, सुया आणि रात्रीचे आवाज यांनी अशा रुग्णाचा गोंधळ पराकोटीला जातो. हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात या वयात बरगड्या मोडतात आणि प्रगत डिमेन्शियात यश क्वचितच येते. असा प्रयत्न करू नये, हे डॉक्टरांनी चर्चेअंती लेखी नोंदवण्याबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. दाखल करतानाच त्याविषयी विचारावे.

आयसीयूत व्हेंटिलेटर लागलाच, तर तो काढण्यासाठीही २०२३ च्या आदेशात वाट आहे. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ रुग्णालय नेमते, त्याच्या मताची तपासणी दुसरे मंडळ करते, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर असतो, आणि प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. लिव्हिंग विल नसेल तरी ही वाट बंद होत नाही. तेव्हा जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतली जाते. अंमल करण्याआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. बऱ्याच रुग्णालयांत ही पद्धत माहीत नसते आणि कुटुंबाला ‘डामा’वर, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत अशा कागदावर, सही करायला लावली जाते. त्यात सारे ओझे जोडीदाराच्या माथी येते आणि रुग्ण वेदनाशमनाच्या औषधांविना घरी पोचतो. सही करण्यापूर्वी मंडळाची मागणी लेखी करावी आणि उपशामक उपचारांच्या म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना बोलावण्याचा आग्रह धरावा.

मुलांचे काय? परदेशातला मुलगा बहुधा सर्वांत उशिरा पोचतो आणि सर्वांत जास्त उपचार मागतो. त्याने आजाराची मधली वर्षे पाहिलेली नसतात, त्यामुळे त्याच्या डोळ्यांपुढे तीन वर्षांपूर्वीचे बाबा असतात. त्याच्याशी वाद घालण्याऐवजी त्याला व्हिडिओ कॉलवर एक संपूर्ण जेवण दाखवावे, आणि वहीतली वडिलांची वाक्ये वाचून दाखवावी. प्रश्न ‘आई, तुला काय वाटतं?’ असा न राहता ‘बाबांनी काय सांगितलं असतं?’ असा झाला, की आईवरचा भारही उतरतो.

घरी, अखेरच्या दिवसांत

बोलता न येणाऱ्या माणसाची वेदना चेहऱ्यावर वाचावी लागते : कपाळाच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कूस बदलताना येणारे कण्हणे. ही चिन्हे दिसली तर अंघोळ आणि कूस बदलण्याच्या आधी अर्धा तास वेदनाशामक देण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. धाप असह्य होते तेव्हा अल्प मात्रेत मॉर्फिन देतात. त्याने माणूस मारला जातो ही भीती निराधार आहे, फक्त मात्रा जाणकार डॉक्टरने ठरवावी. पाणी पिणे थांबल्यावर सलाइनचा आग्रह धरू नये, कारण शरीराला ते पेलत नाही, हातापायांवर सूज येते आणि घशातली घरघर वाढते. त्याऐवजी ओठ आणि जीभ ओल्या कापसाने दर तासाला टिपावी, ओठांना साजूक तूप लावावे. ऐकू येणे बराच काळ टिकते असे मानले जाते, तेव्हा पलंगाशेजारी खर्चाच्या गोष्टी बोलू नयेत.

पैशाचे व्यवहारही वेळेतच मार्गी लावावे लागतात. कुलमुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे निश्चिंत झालो, असे समजणारे पुष्कळ आहेत, परंतु भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते देणाऱ्याचे मन विकल झाले की मुखत्यारीही संपते. त्यानंतर जोडीदाराला पालक म्हणून नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून बचतखाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा पद्धतीने संयुक्त करणे, ठेवींवर नामनिर्देशन (नॉमिनी) करणे आणि मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करणे ही तिन्ही कामे निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच उरकावीत.

घरी मृत्यू होणार हे ठरवले असेल, तर दाखला कोण देणार हे आधी पक्के करावे. स्मशानभूमीत, मग ती ठाण्याची जवाहर बाग असो की नवी मुंबईतली एखादी, डॉक्टरच्या दाखल्याशिवाय अंत्यसंस्कार होत नाहीत, आणि रुग्णाला कधीच न पाहिलेला डॉक्टर रात्री दोन वाजता तो लिहून द्यायला तयार होत नाही. मग प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. घरच्या डॉक्टरांना महिन्यातून एकदा तपासायला बोलावत राहावे, त्यांच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्यांना स्पष्ट विचारावे, ‘डॉक्टर, वेळ आली तर तुम्ही याल ना?’ ते गावाला गेले असतील तर कोण येईल, त्याचाही क्रमांक घ्यावा. घरी झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र नमुना ४-अ मध्ये देतात, आणि त्याच्या आधारे २१ दिवसांच्या आत महापालिकेत मृत्यूची नोंद करायची असते. महापालिकेच्या मृत्युदाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात. बँक, निवृत्तिवेतन, विमा आणि सोसायटी, प्रत्येक ठिकाणी एकेक लागते.